कम्पायलर फुकट आहे, मग पैसे कशाचे?

महाविद्यालयं सुरू होऊन महिना उलटला की गंगाखेडच्या अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. मुलाला किंवा मुलीला बीसीए, बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा तंत्रनिकेतनाला प्रवेश मिळालेला असतो. ऐपतीप्रमाणे लॅपटॉप घेऊन होतो, प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअरही टाकून होतं. आणि पहिला प्रोग्राम चालवायला जावं, तर पडद्यावर कम्पायलर सापडत नाही असा निरोप. मग लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात न्यायचा, नाहीतर परभणी गाठायची. तिथे कुणी दोनशे सांगतं, कुणी हजार. पैसे नेमके कशाचे ते पावतीवर येत नाही आणि बहुतेकदा पावतीच मिळत नाही.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. विद्यार्थ्याला लागणाऱ्या कम्पायलरची किंमत शून्य रुपये आहे. तो ज्या खिडकीत प्रोग्राम लिहितो त्या सॉफ्टवेअरचीही किंमत शून्य आहे. खर्च होतो तो इंटरनेटच्या डेटावर, डिस्कवरच्या जागेवर आणि जोडणी करून देणाऱ्याच्या वेळेवर. या तीन गोष्टींचे पैसे जरूर मोजा. कम्पायलरचे म्हणून कुणी एक रुपया मागितला, तरी देऊ नका.

घोळ होतो तो दोन वेगळ्या वस्तूंना एकच समजल्यामुळे. व्हीएस कोड हा एडिटर आहे. त्यात लिहिता येतं, चुकीच्या ओळी रंगाने दिसतात, पण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम तो स्वतः करत नाही. त्यासाठी बाहेरचा कम्पायलर लागतो, आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे एडिटरला सांगावं लागतं. कोडब्लॉक्सचंही तसंच. त्याच्या अधिकृत पानावर विंडोजसाठी जवळपास सारख्या नावाच्या फाइली असतात. २०.०३ या बरीच वर्षं वापरात असलेल्या आवृत्तीची साधी फाइल सुमारे ३५ एमबीची आहे आणि नावात 'मिनजीडब्ल्यू' असलेली सुमारे १४५ एमबीची. डेटा वाचवायला मुलं लहान फाइल उतरवतात आणि तिथेच फसतात, कारण कम्पायलर फक्त मोठ्या फाइलमध्ये असतो. कोडब्लॉक्सच हवं असेल तर सरळ मोठी फाइल घ्या. ती बसवली की बहुतेक यंत्रांवर पुढचं काहीच करावं लागत नाही आणि दुकानाची पायरी चढायची गरज राहत नाही.

डेटाचा हिशोब

गावात घरोघरी ब्रॉडबँड नाही. बहुतेकांचं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, आणि रोज दीड जीबीचा प्लॅन सर्वसाधारण आहे. त्या दीड जीबीत १४५ एमबीची फाइल सहज बसते, दिवसाच्या वाट्याचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. व्हीएस कोड साधारण १०० एमबीचा आहे. जावाचा जेडीके दोनशे एमबीच्या आत येतो. म्हणजे एका दिवसाच्या डेटात सगळं उतरतं, जास्तीचं रिचार्ज लागत नाही.

अडचण येते ती वाटा संपल्यावर डाउनलोड सुरू केलं तर. दिवसाचा डेटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला आठ केबी. त्या वेगाने १४५ एमबीला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. मध्येच वीज गेली किंवा हॉटस्पॉट तुटला, तर कधी कधी सगळं पहिल्यापासून. म्हणून मोठी फाइल सकाळी, दिवसाचा वाटा पूर्ण शिल्लक असताना लावा. त्याआधी विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर त्याच वेळी विंडोज स्वतःचे अपडेट ओढत बसतं आणि दीड जीबी दुपारच्या आत उडतो.

'व्हिज्युअल स्टुडिओ' हे व्हीएस कोडपेक्षा वेगळं, बरंच मोठं सॉफ्टवेअर आहे. त्याची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना आणि एकट्याने काम करणाऱ्यांना फुकट आहे. पण सी प्लस प्लसचा भाग धरून डाउनलोड काही जीबींचं होतं आणि डिस्कवरची जागा त्याच्या कितीतरी पट. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला त्याची गरज नाही. दुकानदार 'मोठं सॉफ्टवेअर टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा.

डेटा वाचवायचा सगळ्यात चांगला मार्ग पेनड्राइव्हचा, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. विंडोजवर बहुतेक ठिकाणी मिनजीडब्ल्यूच्या रूपात चालणारा कम्पायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुला केला. त्याचा परवाना जीपीएल या नावाचा आहे, आणि प्रत काढून दुसऱ्याला द्यायची मुभा त्या परवान्यातच आहे. कोडब्लॉक्सही जीपीएलखालीच आहे. वर्गातल्या एकाने एकदा उतरवलं आणि बाकी सगळ्यांनी पेनड्राइव्हवरून घेतलं, तर कुणाचा हक्क मारला जात नाही. चोरीच्या विंडोजची सीडी आणि जीसीसीची प्रत यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पालकांनी हे नीट समजून घ्यावं, कारण 'कॉपी केलेलं म्हणजे बेकायदा' या भीतीपोटी पैसे काढणारे आहेत.

पेनड्राइव्हसाठी 'विनलिब्स'ची झिप फाइल उत्तम. तिच्यात जीसीसी आणि चुका शोधणारा जीडीबी दोन्ही असतात, आणि ती इन्स्टॉल करावी लागत नाही, नुसती उघडायची. ज्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसते तिथेही त्यामुळे अडत नाही.

जोडणी घरी कशी करायची

झिप उघडली की आत 'मिनजीडब्ल्यू६४' नावाचं फोल्डर मिळतं. ते उचलून थेट सी ड्राइव्हवर ठेवा. डेस्कटॉपवर नको, डाउनलोड्समध्ये नको, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर नकोच. कारण असं की विंडोजमध्ये वापरकर्त्याचं नाव मराठीत किंवा मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलेलं असलं, तर डेस्कटॉपचा पूर्ण पत्ताही तसाच होतो आणि कम्पायलरच्या सोबतची काही साधनं तिथे अडखळतात. स्वतःचे प्रोग्रामही साध्या रोमन नावाच्या, मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

आता विंडोजला हा पत्ता कळवायचा. स्टार्टच्या शोधात रोमन लिपीत 'ईएनव्ही' ही तीन अक्षरं टाइप करा. 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट' असा पर्याय येईल. तो उघडल्यावर वरच्या यादीत 'पाथ' ही ओळ निवडा, एडिट दाबा, मग न्यू दाबा आणि मिनजीडब्ल्यू६४च्या आतल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता तिथे चिकटवा. पत्ता हाताने टाइप करू नका. ते फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत क्लिक करा आणि तिथून कॉपी करा. जितक्या खिडक्या उघडल्या तितक्या 'ओके'ने बंद करा. एक जरी 'कॅन्सल'ने बंद केली तर काम वाया.

यानंतरची एक पायरी बहुतेकांच्या हातून सुटते. व्हीएस कोड किंवा कमांड प्रॉम्प्ट आधीपासून उघडा असेल तर तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो, कारण उघड्या खिडकीला नवा पाथ दिसत नाही. नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये रोमन लहान अक्षरांत जीसीसी लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा काढून 'व्हर्शन' लिहा आणि एंटर दाबा. आवृत्तीचा आकडा आला की विंडोजला कम्पायलर सापडला. 'इज नॉट रेकग्नाइज्ड' असं आलं तर पत्ता चुकला आहे. शंभरात नव्याण्णव वेळा चूक हीच असते की शेवटचं 'बिन' राहून गेलेलं असतं.

व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन टाका, प्रोग्रामची फाइल उघडा आणि वर उजवीकडचं चालवायचं बटण दाबा. यादी आली तर 'जी प्लस प्लस' असलेली ओळ निवडा. तो त्या फोल्डरमध्ये स्वतःच एक लहान सेटिंगची फाइल तयार करतो. ती पुसू नका.

कोडब्लॉक्समध्ये रस्ता वेगळा आहे. सेटिंग्ज, मग कम्पायलर, मग 'टूलचेन एक्झिक्युटेबल्स' हा टॅब. तिथे 'ऑटो-डिटेक्ट' दाबून पाहा. सापडलं नाही तर पत्ता स्वतः द्या, पण इथे तो मिनजीडब्ल्यू६४पर्यंतच द्यायचा, 'बिन' जोडायचं नाही, कारण कोडब्लॉक्स ते स्वतः जोडून घेतं. विंडोजच्या पाथमध्ये 'बिन'सकट आणि कोडब्लॉक्समध्ये 'बिन'शिवाय, एवढा एक फरक कळला नाही म्हणून मुलं दोन-दोन दिवस घालवतात. १७.१२सारख्या जुन्या कोडब्लॉक्समध्ये त्याच टॅबवर कम्पायलरच्या फाइलचं नाव 'मिनजीडब्ल्यू३२-जीसीसी' असं आधीच भरलेलं असतं. नव्या ६४ बिटच्या कम्पायलरमध्ये त्या नावाची फाइल नसते. तिथे साधं 'जीसीसी' आणि 'जी प्लस प्लस' निवडावं लागतं. डीबगर वेगळ्या जागी जोडायचा असतो. सेटिंग्जमध्ये डीबगर, मग डीफॉल्ट, आणि तिथे जीडीबीच्या फाइलचा पत्ता.

जोडणी झाल्यावरही कधी 'परमिशन डिनाइड' असं येतं. बहुतेकदा आधीचा प्रोग्राम मागे काळ्या खिडकीत चालूच असतो. ती खिडकी बंद केली की सुटतं. कधी अँटिव्हायरस नुकती तयार झालेली फाइल संशयाने उचलून नेतो. अशा वेळी फक्त तुमच्या प्रोग्रामचं फोल्डर तपासणीतून वगळा, अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका.

हे सगळं पहिल्यांदा करणाऱ्याला शांतपणे तासभर लागतो, जाणकाराला वीस मिनिटं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाचे सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. ते लिनक्सवर दाखवलेले असले तरी कम्पायलर तोच जीसीसी आहे.

दुकानात न्यायचंच असेल तर

प्रत्येकाला हे घरी जमेल असं नाही, आणि दुकानदाराच्या वेळेला मोल आहेच. कम्पायलर बसवणं, पाथ देणं, एडिटर जोडणं आणि समोर एक प्रोग्राम चालवून दाखवणं, एवढ्या कामाला दोनशे ते तीनशे रुपये मला रास्त वाटतात. इंटरनेट दुकानाचं असेल तर पन्नास रुपये वर. कामासोबत विंडोज नव्याने टाकायचं असेल आणि लॅपटॉपमधल्या फाइलींचा बॅकअप घ्यायचा असेल, तर पाचशे-सहाशेपर्यंत तक्रार नाही, कारण त्यात त्याचा अर्धा दिवस जातो. त्यापुढे सांगितलं तर कशाचे ते विचारा. दुकान जीएसटी नोंदणी असलेलं असेल तर मजुरीवर १८ टक्के कर लागतो. तो बिलावर वेगळा दाखवायला सांगा. तोंडी '१८ टक्के धरून' म्हणणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या.

परभणी रस्त्याने चाळीसेक किलोमीटर आहे. एवढ्याशा कामासाठी जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवस घालवणं मला पटत नाही, गावातच करून घ्या. जावंच लागलं तर १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ज्या मुलीचा लॅपटॉप आहे तिने स्वतः जावं. भाडंही वाचतं आणि जोडणी डोळ्यांसमोर होते, हे जास्त महत्त्वाचं.

पैसे देण्यापूर्वी एक प्रोग्राम तुमच्या फाइलमधून, तुमच्या फोल्डरमधून चालवून घ्या. दुकानदाराने आधीच तयार ठेवलेला नमुना चालला तर त्याला अर्थ नाही. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला लावा आणि तोच प्रोग्राम परत चालवा. दुसऱ्यांदाही चालला तर काम झालं. आणि विचारा की पाथ कुठे दिला ते मला दाखवा. जो दाखवतो त्याच्याकडे पुढच्या वेळी निर्धास्त जावं.

विंडोज फुकटात 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देतो असं कुणी म्हणालं तर लॅपटॉप उचलून परत या. त्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास येतात, आणि त्याच लॅपटॉपवरून तुम्ही परीक्षेचा अर्ज आणि बँकेचं काम करता. शिवाय जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे.

टर्बो सी मागितलं तर

काही ठिकाणी अजून टर्बो सी प्लस प्लसवर शिकवतात. हे बोर्लंड कंपनीचं १९९० सालचं, डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते स्वतः चालत नाही, डॉसबॉक्सच्या आधाराने चालवावं लागतं. दुकानात 'टर्बोची फुल सीडी' म्हणून पैसे घेतले जातात ते याच गोंधळामुळे. त्यावर पैसे घालवू नका, पण परीक्षेपुरते फरक माहीत करून घ्या. टर्बोत 'आयोस्ट्रीम'पुढे टिंब आणि 'एच' लावतात, जीसीसीत लावत नाहीत. टर्बोत 'व्हॉइड मेन' चालतं, जीसीसीत 'इंट मेन' लिहायचं. पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर' मिनजीडब्ल्यूमध्ये नाहीच. टर्बोत इंट दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गेला की उत्तर बिघडतं. जीसीसीत तो चार बाइटचा असतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतो आणि कोणत्या कम्पायलरवर ते सांगून उत्तर दिलं तर परीक्षक अडवत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की पहिली आयएसओ प्रमाण आवृत्ती १९९८ साली ठरलेली भाषा त्याआधीच्या कम्पायलरवर शिकवणं हे मुलांचं नुकसान आहे. पुण्यात मुलाखतीला गेलेल्या मुलाला टर्बोची सवय उपयोगी पडत नाही.

लॅपटॉपच नसेल तर

कम्पायलरसाठी म्हणून नवा लॅपटॉप घेऊ नका. घरातला जुना, चार जीबी रॅमचा यासाठी पुरतो. विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत सुरक्षा अपडेट आपोआप मिळणं थांबलं, त्यामुळे अशा यंत्रावर लिनक्स मिंट टाकणं चांगलं. सुमारे तीन जीबीची फाइल, परवान्याचे पैसे नाहीत, आणि जीसीसी, मेक वगैरे सगळं 'बिल्ड-इसेन्शियल' या एकाच नावाने एका ओळीत बसतं. पाथची भानगडही उरत नाही. पैसे घालवायचेच असतील तर हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. लॅपटॉपच्या वेगात जितका फरक त्याने पडतो तितका दुसऱ्या कशाने नाही. भाव ऑनलाइन पाहून मग दुकानात विचारा, ते सारखे हलत असतात.

लॅपटॉप अजिबात नसेल तर अँड्रॉइड फोनवर 'टरमक्स' हे अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरून घेऊन त्यात 'क्लँग' हा कम्पायलर फुकट बसवता येतो. नेट असेल तेव्हा 'ऑनलाइन जीडीबी'सारखी पानं आहेत. पहिल्या सत्राचे प्रोग्राम यावर निभतात. लहान पडद्यावर डोळे शिणतात हे खरं, पण सराव थांबत नाही.

ज्यांना गावातल्या दुकानांसाठी, मोंढ्यातल्या आडतीसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करून विकायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. जीसीसीने तयार केलेला प्रोग्राम विकायला परवान्याची आडकाठी नाही आणि तुमचा कोड उघड करावा लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या माणसाला विक्रीच्या कामालाही चालतं. जेटब्रेन्सचं सीलायन मे २०२५पासून फुकट झालं, पण फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी. त्यात केलेलं काम विकायचं असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. जावासाठी 'टेमुरिन' घ्या, ते धंद्यालाही फुकट आहे. ओरॅकलच्या जेडीकेच्या अटी आवृत्तीनुसार बदलतात, त्यात अडकू नका.

फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. लॅपटॉप पुण्याहून घेतलेला असो की ऑनलाइन, गंगाखेडच्या ग्राहकाला परभणीचा आयोग पुरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. फक्त हातात पावती लागते.

महाविद्यालयांच्या संगणक विभागांना आणि क्लास चालवणाऱ्यांना एक विनंती. लॅबच्या एका संगणकावर विनलिब्सची झिप आणि कोडब्लॉक्सची मोठी फाइल ठेवा, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलांना पेनड्राइव्ह घेऊन बोलवा. परवाना त्याची मुभा देतो आणि खर्च काहीच नाही.